धूळ, यंत्र आणि माणूस

यंत्र म्हटले की आपल्याकडचा कार्यकर्ता एक तर त्याचे स्वागत करतो किंवा त्याच्याकडे संशयाने पाहतो. ते कसे चालते, कुणाच्या हाताने चालते आणि त्यातून निघणारी घाण कुणाच्या वाट्याला येते, हे पाहण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. या लेखात मी अशाच एका साध्या यंत्राविषयी लिहिणार आहे: फरशी पाण्याशिवाय कापणारी, आणि कापताना उडणारी धूळ स्वतःच ओढून घेणारी करवत. साहित्य-विचाराच्या नियतकालिकात हा विषय काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपले विद्यार्थी ज्या घरांतून येतात त्या घरांतील कितीतरी माणसे आज शहरातल्या इमारतींत फरश्या बसवीत आहेत. त्यांच्या फुप्फुसांशी ज्याचा संबंध आहे तो विषय आपल्याला परका असू शकत नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझे वडील गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या वर्गातील काही मुले सुट्टीत फरशीच्या कामावर हेल्पर म्हणून जातात. मिस्त्री कटर चालवतो आणि हेल्पर फरशी धरून बसतो, म्हणजे धुळीच्या झोतात मिस्त्रीपेक्षाही अधिक तोच असतो. धूळ कशाने अडवता असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘रुमाल बांधतो, सर.’ या रुमालाने काय अडते आणि काय अडत नाही, येथूनच सुरुवात करू.

फरशी ‘कापली’ जाते असे आपण म्हणतो. खरे तर ती दळली जाते. ब्लेडच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. ते फरशीचा एक अरुंद पट्टा घासून त्याचे पीठ करतात. हिशोब सोपा आहे. ६०० मिलिमीटर लांबीची, १० मिलिमीटर जाडीची फरशी घ्या. ब्लेडने पाडलेली चीर २ मिलिमीटर रुंद धरा. एका कापात १२ घन सेंटीमीटर फरशीचे पीठ होते. वजनाने ते २५ ते ३० ग्रॅम भरते. दिवसाला असे शंभर काप झाले तर अडीच-तीन किलो पीठ त्या बंद खोलीत तयार होते.

या पिठात सगळेच सारखे घातक नसते. घातक असते ते स्फटिकरूप सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य. संगमरवरात ते फार थोडे असते. ग्रॅनाइटमध्ये साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असते. कारखान्यात गारगोटीचा चुरा राळेत घट्ट करून बनवलेल्या ‘क्वार्ट्झ’च्या ओट्यांमध्ये ते नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. विट्रिफाइड फरशीच्या मातीतही ते असते आणि भट्टीत भाजल्यानंतरही त्यातील काही भाग शिल्लक राहतो.

माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ७० मायक्रॉन असते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण ४ मायक्रॉनच्या आसपासचे किंवा त्याहून बारीक असतात. डोळ्यांना जी पांढरी धूळ दिसते तिच्यातील जाड कण नाकात, घशात अडकतात आणि बाहेर पडतात. जी दिसत नाही ती तासन्‌तास हवेत तरंगत राहते. रुमालाच्या विणीतली भोके या कणांपुढे दरवाज्याएवढी असतात. म्हणून रुमालाने कामगाराला धीर मिळतो, संरक्षण मिळत नाही.

फुप्फुसात शिरलेला कण तेथील रक्षक पेशी गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. हे चक्र चालू राहते आणि त्या जागी वण धरत जातो. वणाची जागा ताणली जात नाही, तिथे हवा खेळत नाही. यालाच सिलिकोसिस म्हणतात. बहुधा तो दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ धुळीत काम केल्यावर उघड होतो; धूळ फार दाट असेल तर काही वर्षांतही होतो. पडलेला वण पुसणारे औषध नाही. काम सोडल्यानंतरही आजार वाढू शकतो. सिलिका घेतलेल्या फुप्फुसाला क्षयाची बाधा लवकर होते, आणि १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. आपल्याकडे सिलिकोसिसचा रोगी अनेकदा केवळ क्षयरोगी म्हणून औषधे घेत राहतो, कारण डॉक्टर त्याला धंदा विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

ही माहिती नवी नाही. १९३० साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, गॉली ब्रिज गावाजवळ, वीजनिर्मितीसाठी नदीचे पाणी वळवणारा हॉक्स नेस्ट बोगदा खोदायला घेतला गेला. खडक गारगोटीने भरलेला होता. पाणी सोडून भोके पाडली असती तर धूळ बसली असती. पण कोरडे काम वेगाने होत होते, म्हणून ते कोरडेच केले गेले. बोगद्यात राबणारे मजूर बहुसंख्येने दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेले काळे लोक होते. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे याची चौकशी झाली तेव्हा ४७६ मृत्यूंचा आकडा पुढे आला. मार्टिन चेर्नियाक या डॉक्टरांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो ७६४ पर्यंत गेला. धूळ कशी अडवायची याचे ज्ञान तेव्हाही होते. प्रश्न होता तो, या माणसांसाठी ते ज्ञान वापरायचे की नाही, एवढाच. धुळीचे काम कुणी करायचे हे आपल्याकडेही यंत्र येण्यापूर्वीच ठरलेले होते. तेव्हा हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही.

आता करवतीकडे येऊ. धूळ अडवण्याचा जुना आणि भरवशाचा उपाय पाणी हाच आहे. ब्लेडवर पाण्याची धार सोडली की पीठ चिखल होऊन खाली बसते. परंतु तयार झालेल्या घरात, रंग दिलेल्या भिंतींजवळ चिखल उडवणे मालकाला खपत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की झटक्याची भीती असते. चिखल तसाच वाळू दिला तर तीच धूळ पुन्हा उडते. म्हणून मिस्त्री कोरडेच कापतो. ही अडचण ओळखून धूळ ओढणाऱ्या कोरड्या करवती निघाल्या. कॅलिफोर्नियातील ‘आयक्यू पॉवर टूल्स’ या कंपनीची दहा इंची ब्लेडची करवत हे त्याचे एक उदाहरण.

रचना अशी असते. फरशी एका पाटावर ठेवून ब्लेडकडे सरकवायची. फिरणारे ब्लेड ज्या दिशेला पीठ फेकते त्या दिशेला एक तोंड असते. आतला पंखा त्या तोंडातून हवा जोराने ओढतो. काही यंत्रांत ही हवा आधी भोवऱ्यासारखी फिरवतात. त्यामुळे जाड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात आणि बारीक कण पुढे गाळणीत अडकतात. गाळलेली हवा बाहेर येते आणि पीठ खालच्या खणात साठते. थोडक्यात, जे काम आजवर माणसाच्या छातीवर सोपवलेले होते ते येथे कागदा-कापडाची गाळणी करते.

मात्र यंत्र नुसते विकत घेतल्याने हे घडत नाही. ते वापरण्याची रीत आहे. कोरड्या कामासाठी बनवलेलेच ब्लेड लावावे. पाण्यावर चालणारे ब्लेड कोरडे चालवले तर तापून निकामी होते आणि अपघातही होऊ शकतो. यंत्र सुरू केल्यावर पूर्ण गती येऊ द्यावी, मगच फरशी पुढे सारावी. रेटू नये. रेटल्याने ब्लेड तापते आणि पंख्याच्या ओढीपेक्षा अधिक पीठ एकदम सुटते. काप संपत येतो तेव्हा फरशीचा आडोसा सुटतो आणि धूळ तोंडाला चुकवून बाहेर पडते. तेथे हात आणखी सावकाश हवा. बारीक पट्टी कापतानाही हेच लक्षात ठेवावे. गळ्यातला गमछा, सैल बाही, लोंबती ओढणी ब्लेडजवळ नको. डोळ्यांवर चष्मा आणि कानात बोळे हवेत.

गाळणी हा या यंत्राचा जीव आहे. ती भरत गेली की ओढ कमी होते, आणि ओढ कमी झाली की यंत्र चालू असूनही धूळ खोलीतच राहते. ब्लेडजवळ धूळ डोळ्यांना दिसू लागली तर गाळणी झाडण्याची वेळ टळून गेली आहे असे समजावे. उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने, यंत्रातल्याच सोयीने ती झाडावी. बाहेर काढून भिंतीवर आपटू नये. खण रिकामा करताना मास्क असावा. पीठ जाड पिशवीत हलकेच ओतून तोंड बांधावे. दिवसाअखेर खराट्याने झाडणे किंवा ब्लोअरने फुंकणे म्हणजे दिवसभर पकडलेली धूळ मोकळी सोडणे होय. ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे कामावरच बदलावेत. नाहीतर ती धूळ घरी येते, आणि कपडे झटकणाऱ्या बाईच्या व घरातल्या मुलांच्या श्वासात जाते.

या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ९९ टक्के धूळ पकडतो असा दावा वाचला की आपण निर्धास्त होतो. पण हा टक्का बहुधा वजनाचा असतो, आणि वजन जाड कणांचे असते. आधी केलेल्या हिशोबात एका कापाचे २८ ग्रॅम पीठ धरले तर निसटलेला एक टक्का म्हणजे २८० मिलिग्रॅम. त्यातील थोडाच भाग बारीक सिलिका असेल. पण मर्यादा किती आहे तेही पाहा. अमेरिकेत २०१६ साली केलेल्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या पाळीत हवेतील बारीक सिलिका सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. काम करणारा माणूस पाळीत साधारण १० घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम! त्या नियमांच्या तक्त्यात अशा बैठ्या करवतीसाठी पाण्याचीच पद्धत दिलेली आहे. कोरडी करवत वापरायची तर धूळ मर्यादेत आहे हे मोजमापाने किंवा पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणून बंद खोलीत ही करवत वापरतानाही खिडक्या उघड्या असाव्यात आणि तोंडावर एन-९५ किंवा त्याहून वरच्या प्रतीचा, कडा नीट बसणारा मास्क असावा.

अशी करवत आपल्या साइटवर उद्याच येईल असे मी म्हणत नाही. पण तिच्यामागचे तत्त्व आजही वापरता येते. सरळ काप हाताने ओढायच्या कटरने करावेत. रेघ मारून फरशी मोडली की धूळ जवळजवळ होतच नाही. कोपरे आणि खाचा तेवढ्या ब्लेडने कापाव्यात, शक्य तेथे बाहेर अंगणात आणि पाण्यावर. हातातल्या ग्राइंडरला धूळ झाकणारे आवरण लावून ते ओढणाऱ्या यंत्राला जोडता येते. त्याच अमेरिकी नियमांत यासाठी ब्लेडच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे मिनिटाला किमान २५ घनफूट हवेची ओढ आणि ९९ टक्के क्षमतेची गाळणी सांगितली आहे. चार इंची ब्लेडला हे प्रमाण मिनिटाला १०० घनफूट होते.

येथे खरा पेच येतो तो मजुरीचा. फरशीचे काम चौरस फुटाच्या दराने होते. गाळणी झाडायला थांबलेली पाच मिनिटे, फरशी बाहेर नेऊन कापण्याचे दहा हेलपाटे, ओल्या फडक्याने पुसण्याची संध्याकाळ, यांपैकी कशाचाही पैसा त्या दरात नसतो. म्हणजे स्वतःचे फुप्फुस वाचवण्याचा खर्च कामगाराने स्वतःच्या मजुरीतून करायचा! मग ‘हे लोक मास्क लावतच नाहीत’ असे म्हणून दोष त्याच्या अडाणीपणावर ढकलणे सोपे जाते. दर ठरवताना धूळ अडवण्याचा वेळ आणि साधन धरले गेले पाहिजे, ही मागणी मास्क वाटपापेक्षा अधिक मुळाशी जाणारी आहे.

कायद्याचा आधार नाही असे नाही. कारखाना कायद्याने १९४८ पासून सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग मानला होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. राजस्थानने २०१९ साली या रोगासाठी तपासणीचे आणि पुनर्वसनाचे स्वतंत्र धोरण केले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांवरच बंदी घातली. आपल्याकडे वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती करून घेणे, धुळीत काम करणाऱ्याच्या छातीची नियमित तपासणी मागणे, दवाखान्यात आपला धंदा केसपेपरवर लिहून घ्यायला लावणे आणि कुठे, किती वर्षे, कशावर काम केले याची वही ठेवणे, एवढे तर शिकलेल्या मुलाने आपल्या घरातल्या माणसासाठी करावे. आजार दहा वर्षांनी उघड होतो. तोवर कंत्राटदार बदललेला असतो आणि इमारतीवर केवळ मालकाचे नाव उरलेले असते. वही असेल तरच त्या धुळीचा हिशोब मागता येईल.

२०३० सालापर्यंत सिलिकोसिस जगातून नाहीसा करायचा, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ साली ठरवले होते. मुदत संपत आली आहे. गाळणी कशी बनवायची हे जगाला कळून बराच काळ लोटला. ती यंत्रात बसवायची की माणसाच्या छातीलाच गाळणी म्हणून वापरत राहायचे, हे ठरवणारे आजवर दुसरेच होते. हा निर्णय फरशी कापणाऱ्याच्या हाती यायचा असेल, तर आधी त्याला ही धूळ समजली पाहिजे. आणि ती समजावून सांगण्याचे काम वर्गात, वस्तीत आणि मजूर अड्ड्यावर आपले आहे.