तीन लोंब्यांपासून एचएमटी



धानाच्या बांधीत दोन-चार लोंब्या वेगळ्या दिसल्या की आपण म्हणतो, ‘भेसळ आली.’ उपटून टाका, असे आम्ही कृषी खात्याची माणसेच सांगतो. बियाण्याच्या प्लॉटपुरते ते बरोबरही आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली ‘पटेल 3’ धानात तीन पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर; पण हे दाणे पेरले तर काय येईल, ही उत्सुकता त्यांना स्वस्थ बसू देईना.

पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध लहानशा तुकड्यात त्यांनी ते दाणे लावले. जंगल जवळ, रानडुकरांचा उपद्रव. म्हणून भोवती काट्यांचे कुंपण केले. मग वर्षानुवर्षे तेच बियाणे वेगळे राखून वाढवले. पोटापुरते पिकवणाऱ्या घरात अशा खटाटोपाला जागा देणे किती जड जाते, ते घरच्या लक्ष्मीला विचारा! पण दाणा बारीक, भात चवदार, उताराही चांगला. 1990 च्या सुमारास बियाणे इतरांकडे गेले. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची मोठी चलती होती, तेच नाव धानाला पडले. 1998 साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ वाण प्रसारित केला. श्रेय कोणाचे, यावरून पुढे वाद झाला. माझ्या मते पहिला मान लोंबी ओळखणाऱ्याचा. दादाजी 2018 साली वारले. तोवर त्यांनी नांदेड-92, नांदेड हिरा, डीआरके असे आणखी वाण निवडले होते.

हे साधते कसे? धानाच्या फुलात बहुधा स्वतःच्याच परागाने दाणा भरतो. म्हणून वेगळ्या झाडाचे गुण पुढे टिकण्याची शक्यता बरीच असते. तुरीत मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात; तिथे हे काम अवघड.

वेगळी लोंबी बहुधा कापणीला वाकलेल्या बायकांच्याच नजरेस आधी पडते. तिला रंगीत चिंधी बांधा. दाणे मडक्यात निराळे ठेवा, पऱ्हे निराळे टाका आणि रोवणी जुन्या जातीच्या शेजारीच करा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. रोगाने किंवा खताच्या कमतरतेने आलेला पिवळेपणा पुढच्या वर्षी दिसणार नाही. खरा फरक असेल तर तो पुन्हा दिसेल. तरीही एकाच हंगामावर भरवसा ठेवून सगळी बांधी त्याच बियाण्याने रोवू नका. तीन-चार हंगाम पाहा, घरी भात शिजवून बघा, आणि मग थोडे बियाणे घेऊन आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.