सव्हाना आणि चार्ल्सटन : दोघांनी पायी पाहायची शहरे

अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी मोटारीवाचून पान हलत नाही. जॉर्जियातले सव्हाना आणि साउथ कॅरोलायनातले चार्ल्सटन यांचे जुने भाग मात्र मोटारींच्या कितीतरी आधी वसले, तेही चालणाऱ्या माणसाच्या मापाने. मोटारीने दोन्हींमधले अंतर सुमारे दोन तासांचे. चार-पाच दिवस हाताशी असलेल्या जोडप्याला दोन्ही शहरे निवांत पाहता येतात.

सव्हाना १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांनी वसवले. त्यांनी शहराचे वॉर्ड पाडले. प्रत्येक वॉर्डाच्या मधोमध मोकळा चौक, चौकाच्या पूर्वेला व पश्चिमेला चर्च आणि सार्वजनिक इमारतींसाठी मोठ्या जागा, तर उत्तरेला व दक्षिणेला घरांसाठी ४० भूखंड. शहर वाढत गेले तसा हाच साचा गिरवला गेला आणि चौकांची संख्या २४ वर पोचली. त्यांतले २२ आजही आहेत. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की दर दोन-तीन मिनिटांनी सावली आणि बसायला बाक मिळतो. सावली सदाहरित ओकची. त्याच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात, त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. ही वनस्पती खरे तर अननसाच्या कुळातली. झाडाचा रस न शोषता ती पावसावर आणि हवेतल्या ओलाव्यावर जगते.

पहिल्या सकाळी बुल स्ट्रीट धरावा. नदीकाठाजवळचा जॉन्सन स्क्वेअर हा शहराचा पहिला चौक. पुढे चिपेवा स्क्वेअरमध्ये ओगलथॉर्प यांचा पुतळा आहे. ‘फॉरेस्ट गम्प’ चित्रपटातला बाकावरचा प्रसंग याच चौकात चित्रित झाला. मग मॅडिसन, माँटेरी आणि शेवटी १८५८ चे कारंजे असलेला फोर्सिथ पार्क. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पण त्याला अख्खी सकाळ द्यावी.

हे सारे आपोआप टिकले नाही. १९५४ मध्ये एलिस स्क्वेअरमधला जुना बाजार पार्किंगच्या इमारतीसाठी पाडला गेला. पाठोपाठ डेव्हनपोर्ट हाउसवर पाळी येताच सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन १९५५ मध्ये संस्था स्थापली आणि ते घर वाचवले. पार्किंगखाली गेलेला एलिस स्क्वेअर २०१० मध्ये पुन्हा खुला झाला.

चार्ल्सटनमध्ये अशी चौकांची रांग नाही. इथे गल्ल्या आणि घरे वाचायची. इथले खास घर एका खोलीच्या रुंदीचे असते. त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब ओसरी बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा मिळावा म्हणून. रस्त्यावरचे दार उघडले की पाय घरात नव्हे, ओसरीवर पडतो. भिंतींवर जागोजागी लोखंडी चकत्या दिसतात. १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरण्यासाठी आरपार घातलेल्या सळयांची ती टोके. जुन्या वस्तीच्या जतनासाठी या शहराने १९३१ मध्येच नियम केले. अमेरिकेत असे करणारे हे पहिले शहर.

पण ही घरे आणि इथली श्रीमंती गुलामांच्या श्रमावर उभी राहिली, आणि ते नजरेआड करून केलेली फेरी अपुरीच नव्हे, खोटी ठरते. चार्ल्सटनच्या काही जुन्या विटांवर बोटांचे ठसे दिसतात, लहान मुलांचेसुद्धा. ओल्या विटा हाताळणाऱ्या गुलामांचे ते ठसे. चाल्मर्स स्ट्रीटच्या दगडी गल्लीतल्या एका इमारतीत माणसांचा लिलाव होत असे. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. आफ्रिकेतून आणलेल्या असंख्य माणसांनी अमेरिकेच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते गॅड्सडेन धक्क्यावर. तिथे २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे संग्रहालय उघडले. सव्हानात फ्रँकलिन स्क्वेअरवरचे फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च पाहावेच. ते गुलामांनीच बांधले. वाडे पाहायचे तर मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्याही दाखवणारे निवडावेत : सव्हानातले ओवेन्स-थॉमस हाउस आणि चार्ल्सटनमधले एकेन-रेट हाउस.

दोघांची फेरी असली की वेग आपोआप उतरतो. एकाने नकाशा धरावा, दुसऱ्याने भिंती न्याहाळाव्यात. ओसरी, चकत्या, ठसे अशा गोष्टी मोठ्या गटाच्या घाईत निसटतात. घोडागाडीची सहल टाळली तरी काही बिघडत नाही. मुक्काम जुन्या भागातच करावा. तो महाग पडतो, पण दुपारी खोलीवर परतून तासभर पडता येते आणि मोटारीची गरज उरत नाही.

मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चालायला उत्तम. उन्हाळ्यात दमटपणा इतका, की सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळीच बाहेर पडावे. सव्हानाच्या रिव्हर स्ट्रीटवर जहाजे स्थिर राहावीत म्हणून त्यांत भरून आणलेले ओबडधोबड दगड आहेत. तिथे जाड तळव्याचेच बूट हवेत. चार्ल्सटनमध्ये मोठ्या भरतीला सखल रस्त्यांवर पाणी चढते, म्हणून निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहून घ्यावी.