जुना कोड कोण वाचणार?

कॅनडाच्या संघराज्य सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार काढण्यासाठी ‘फिनिक्स’ नावाची नवी प्रणाली सुरू केली. आधीची प्रणाली चाळीसेक वर्षांची होती आणि ती बदलायला हवी होती, याबद्दल कुणाचेच दुमत नव्हते. सुमारे २ लाख ९० हजार कर्मचारी, शंभराहून अधिक वेतनकरार आणि ८० हजारांवर वेतननियम, असा तो पसारा. काही महिन्यांतच कुणाला निम्मा पगार मिळू लागला, कुणाला जास्तीचा, तर कुणाला काहीच नाही. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८च्या अहवालात या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटले. अहवालातला तपशील मात्र चांगलाच आकलनीय आहे. आयबीएम या कंत्राटदाराने २०१२मध्ये सांगितलेला खर्च मंजूर रकमेत बसेना, तेव्हा जादा पैसे मागण्याऐवजी अधिकाऱ्यांनी कामच कापले. पगाराशी संबंधित ९८४ कार्यांपैकी शंभराहून अधिक वगळली किंवा पुढे ढकलली. मागील तारखेपासून लागू होणारी वेतनवाढ हिशेबात घेणे, हे त्यांतलेच एक. एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेतही रद्द झाला. शिवाय वेगवेगळ्या खात्यांतली वेतन-सल्लागारांची सुमारे १,२०० पदे रद्द झाली आणि त्यांचे काम मिरामिची या गावातल्या केंद्रातल्या कितीतरी कमी माणसांकडे गेले. नियमांची खाचखोच दोनच ठिकाणी होती, जुन्या कोडमध्ये आणि या सल्लागारांच्या डोक्यात. दोन्ही एकदमच गमावली.

जगभरच्या फसलेल्या आधुनिकीकरणांचा आढावा घेतला तर तंत्रज्ञान चुकीचे निवडले म्हणून बुडालेले प्रकल्प फार थोडे सापडतात. बहुतेक बुडाले ते जुन्या प्रणालीत काय आहे हे न वाचता नवी लिहायला घेतल्यामुळे. एखाद्या धंद्यासाठी मुद्दाम बनवून घेतलेले सॉफ्टवेअर पंधरा-वीस वर्षे चालले, की त्या धंद्याचे खरे नियम त्यातच असतात, आणि पुष्कळदा फक्त त्यातच. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये फॉक्सप्रोत लिहिलेली बिलिंगची प्रोग्रामे वर्षानुवर्षे चालली. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार २०१५मध्ये पूर्णपणे काढून घेतला, त्यानंतरही ती थांबली नाहीत. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा कित्येकांना ती बदलावी लागली. अशा वेळी मालक प्रोग्रामरला काय सांगतो? रोजचा व्यवहार. एका जुन्या गिऱ्हाइकाला तिमाहीच्या शेवटी वेगळी सूट, जॉबवर्कच्या मालाचे वजन वेगळ्या पद्धतीने, हे त्याला त्या बैठकीत आठवत नाही, कारण ते लक्षात ठेवण्याचे काम त्याने कधीच सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते. रिक्वायरमेंटच्या कागदावर सह्या होतात, आणि अपवाद गो-लाइव्हनंतर फोनवर कळतात.

न वाचलेला कोड निकामी असला तरी निरुपद्रवी नसतो. न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटलने हे १ ऑगस्ट २०१२ रोजी पाहिले. ‘पॉवर पेग’ नावाचा प्रोग्रामचा एक भाग २००३पासून वापरात नव्हता, पण काढूनही टाकलेला नव्हता. नव्या सोयीसाठी प्रोग्रामरांनी त्याचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरांवर चढला, आठवा राहून गेला. बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवर तो मेलेला भाग जिवंत झाला. पाऊण तासात १५४ शेअरांमध्ये चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले, आणि अमेरिकी नियामकांच्या नोंदीप्रमाणे कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झाले. वर्षअखेरीस ती दुसऱ्या कंपनीत विलीन होण्याचा करार करून मोकळी झाली.

यावर पहिला आक्षेप असा की मग जुने उकरता कशाला, तयार पॅकेज विकत घ्या आणि त्यात जसे असेल तसे वागा. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो पाळता येईल का हेसुद्धा वाचल्याशिवाय कळत नाही. जर्मनीच्या लिडल या दुकानसाखळीने २०११मध्ये एसएपीवर आधारलेली नवी प्रणाली करायला घेतली. लिडल मालाचे मूल्य खरेदीच्या किमतीने धरत असे, तर पॅकेजची मूळ पद्धत विक्रीच्या किमतीने धरण्याची होती. लिडलने आपली पद्धत सोडली नाही आणि पॅकेजच वाकवत नेले. २०१८मध्ये प्रकल्प बंद झाला तोवर, तेव्हाच्या बातम्यांनुसार, सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते. खरेदीची किंमत धरणे बरोबर की चूक, हा इथे मुद्दाच नाही. सवय सोडायची की पॅकेज सोडायचे, हा निर्णय पहिल्या वर्षी मालकाच्या टेबलावर यायला हवा होता. जुन्या कोडचा आदर करा म्हटले की त्यातले वेडेपण जपा असे म्हणता का, असेही विचारले जाते. तसे नाही. नियम टाकून द्यायला हरकत नाही, पण तो कोणी टाकला हे माहीत असावे. फिनिक्समध्ये नियम रद्द झाले नव्हते. नवी प्रणाली त्यांना ओळखत नव्हती, इतकेच.

वाचन झाले तरी कटओव्हर एका झटक्यात करण्याचा मोह उरतोच. ब्रिटनची टीएसबी बँक सबाडेल या स्पॅनिश गटाने घेतली, तेव्हा तिचे व्यवहार लॉइड्स बँकेच्या भाड्याच्या प्रणालीवर चालत होते. ते नव्या प्रणालीवर न्यायचे ठरले आणि एप्रिल २०१८च्या एका शनिवार-रविवारी सुमारे बावन्न लाख ग्राहकांची खाती बहुतांशी एकाच वेळी हलवली. डेटा नीट पोहोचला, पण प्रणालीला भार सोसेना. एकोणीस लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांची खाती दिसू लागली. पुढे नेमलेल्या चौकशीत उघड झाले की दोन डेटा सेंटरांपैकी एकाचीच भारचाचणी झाली होती. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सप्टेंबरात जावे लागले, आणि २०२२मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड केला.

याला पर्याय मार्टिन फाउलर यांनी २००४मध्ये मांडला. ऑस्ट्रेलियाच्या पावसाळी जंगलात त्यांनी दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढून शेवटी त्याची जागा घेणारी वडाच्या जातीची झाडे पाहिली आणि सॉफ्टवेअरही तसेच बदलावे असे सुचवले. जुन्या प्रणालीच्या बाजूने एकेक भाग नवा उभा करायचा, व्यवहार तिकडे वळवायचा, आणि जुना भाग रिकामा झाला की बंद करायचा. देवळाच्या भिंतीत रुजलेला पिंपळ पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको. नेटफ्लिक्सने २००८च्या ऑगस्टमध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत तेव्हा स्थलांतर सुरू केले, आणि ते जानेवारी २०१६मध्ये संपवले. बिलिंगसारखा नाजूक भाग अगदी शेवटी हलवला.

सात वर्षे! कुठला क्लायंट इतका थांबेल, आणि दोन प्रणाली एकदम पोसण्याचा खर्च कोण देईल? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि अर्धवट सोडलेल्या स्थलांतरांमुळे दोन्ही प्रणाली कायमच्या गळ्यात पडलेल्या कंपन्या आहेत, हेही खरे. पण ज्याचा हिशेब मांडता येतो अशा खर्चाची तुलना, ज्याचा येत नाही अशा खर्चाशी करावी लागते. टीएसबीलाही दोन प्रणालींचा खर्च नको होता. घटनेनंतर त्या वर्षी तिचा एकूण भुर्दंड ३३ कोटी पौंडांवर गेला. बहुतेक क्लायंट नेटफ्लिक्सएवढे मोठे नसतात, त्यामुळे त्यांना सात वर्षे लागतही नाहीत.

अलीकडचा युक्तिवाद असा की कोबोलसारखा जुना कोड आता एआय वाचेल. वाचेल, आणि वाचावाच. एप्रिल २०२०मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले होते. पण कोड काय करतो हे सांगणारे यंत्र, तो तसे का करतो हे सांगू शकत नाही. एखादी अट कायद्यामुळे आली की एकोणीसशे नव्वदमधल्या एखाद्या व्यवस्थापकाच्या हट्टामुळे, हे माणसांना विचारूनच कळते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातला एक विरोधाभास ओळखीचा वाटेल. भारतीय आयटीने जगात नाव मिळवले त्यात वायटूकेचा वाटा मोठा होता, आणि ते काम म्हणजे निव्वळ वाचन होते. लाखो ओळींत दोन आकड्यांत लिहिलेले वर्ष कुठे दडले आहे ते शोधायचे. तरीही हिंजवडीत आज ‘सपोर्ट प्रोजेक्ट’ मिळाला की मुलांची तोंडे उतरतात आणि सगळ्यांना ‘डेव्हलपमेंट’ हवे असते. परदेशी बँकेचा कोड दहा वर्षे सांभाळणाऱ्याला त्या बँकेचे नियम तिच्या कित्येक अधिकाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात. त्याची पगारवाढ मात्र नवे काहीतरी लिहिणाऱ्याच्या मागे राहते. दोष कंपन्यांचा तेवढाच क्लायंटचा. निविदेत स्क्रीन मोजल्या जातात, रिपोर्ट मोजले जातात, पण जुनी प्रणाली समजून घेण्याच्या महिन्यांना ओळ नसते, म्हणून स्वस्त बोलीवाला तेच आधी कापतो.

तेव्हा नवे सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या मालकांना एवढीच विनंती. करारात जुन्या प्रणालीच्या वाचनासाठी वेगळी रक्कम आणि वेगळी मुदत लिहा, ती संपल्यावर सापडलेल्या अपवादांची यादी स्वतः बसून वाचा, आणि ती प्रणाली चालवणाऱ्या अकाउंटंटला नवी प्रणाली वर्षभर नीट चालेपर्यंत निवृत्त होऊ देऊ नका.