ऊन लागलं की हृदय थांबलं?

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तिथल्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात कुणी कोसळलं, की गर्दीचं निदान तयार असतं: "ऊन लागलं बाप्पा यायले, पाणी पाजा!" मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी तळपाय चोळतं.

ऊन लागलेलं असेलही. पण माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय थांबलंय असं धरून छाती दाबायला लागायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

सगळ्यात घातक गैरसमज श्वासाचा. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस मध्येच आचका देतो, घशातून घरघर येते. लोक म्हणतात, "श्वास चालू हाये ना!" तो श्वास नव्हे. मेंदूला रक्त मिळत नसल्याची ती खूण आहे, आणि याच भ्रमात हातची मिनिटं जातात. उचलून ऑटोत घालून थेट अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यायची घाईही तशीच: धावत्या ऑटोत छाती धड दाबता येत नाही. १०८ ला फोन लावा, स्पीकर चालू ठेवा आणि जागेवरच सुरुवात करा.

हृदय डावीकडे म्हणून डावीकडे दाबायचं, हेही चूक. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. हळुवारपणा इथे कामाचा नाही. बरगडी मोडते का? कधीकधी मोडते, पण ती जुळते. दमलात तर दोन मिनिटांनी दुसऱ्याला बसवा.

तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसतं दाबणंही चालतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच तसं सांगितलं. मात्र बुडालेल्याला आणि लहान मुलांना श्वासाची गरज असते. येत असेल तर ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत.

छातीत कळ येतेय पण माणूस बोलतोय, अशा वेळी दाबायचं नाही. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. त्याला बसवून ठेवा, लगेच दवाखान्यात पोचवा.

राहिली पोलिसांची भीती. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्तीही नाही.