अक्षरओळख आणि अर्थओळख

मुलाला वाचता येऊ लागले, असे आपण मोठ्या समाधानाने सांगतो. परंतु त्याला नेमके काय येऊ लागले, याची चौकशी सहसा करीत नाही. अक्षरे ओळखून त्यांचा उच्चार करणे ही एक विद्या, आणि त्या उच्चारांतून मनात अर्थ उभा राहणे ही दुसरी. जेथे घरची, अंगणातली आणि शाळेची भाषा एकच असते, तेथे या दोहोंतील अंतर लवकर ध्यानात येत नाही. ते पाहावयाचे असेल, तर महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी घरात डोकवावे.

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या वाटेवर भनपुरी नावाची कारखान्यांची वस्ती आहे. या मुलखाशी मराठीचा संबंध जुना. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून येथला कारभार पाहिला. पुढे १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदली. १९०० साली माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, ते हिंदीत! तेव्हा बाहेरची भाषा आपलीशी करणे येथल्या मराठी माणसाला कधीच जड गेले नाही. अवघड जाते ते घरची भाषा तिसऱ्या पिढीच्या हाती देणे.

भनपुरीतील अशा एखाद्या घरातले सहा-सात वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. पाण्याचे एकच तळे त्याला तीन नावांनी भेटते. सवंगड्यांच्या तोंडी ते ‘तरिया’, शाळेच्या पुस्तकात ‘तालाब’, आणि आजीच्या तोंडी ‘तळे’. शेजारीण टोमॅटोला ‘पताल’ म्हणते. पुष्कळ आईबापांना वाटते की, अशाने मुलाचा गोंधळ होईल. वास्तविक तळे ही वस्तू ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला तिचे आणखी एक नाव शिकणे मुळीच कठीण नसते. कठीण असते ते वस्तूच ठाऊक नसताना नाव घोकणे.

खरी फसगत होते ती लिपीमुळे. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत. त्यामुळे हिंदी शाळेतले मूल मराठी पुस्तक धडाधडा वाचून दाखविते, आणि घरची मंडळी सुखावतात. ‘गुरुजींनी शिक्षा केली’ हे वाक्य ते बिनचूक वाचते. पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्याच्या मनात पक्के असते. ‘चेष्टा’ त्याच्या लेखी प्रयत्न असतो, ‘संसार’ म्हणजे सारे जग! वाचन निर्दोष, अर्थ मात्र भलताच. आणि ओघवत्या वाचनावर खूष झालेल्या कोणाला तो विचारावासाही वाटत नाही.

गफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली एक साधे गणित मांडले. वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार. येथे बेरीज नव्हे, गुणाकार म्हटले आहे, हे महत्त्वाचे. कारण दोहोंपैकी एक शून्य असेल, तर फळही शून्यच.

आपल्याकडे ही दुसरी शक्ती कशी वाढवावी, याचा वस्तुपाठ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिला आहे. १९४५ साली बोर्डीला आणि नंतर डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी खेड्यातल्या व वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी काम केले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, गोटे यांवर त्यांनी भिस्त ठेवली. मूल शाळेत येईना, तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या परंपरेतला आहे.

भनपुरीच्या घरालाही याहून वेगळे साहित्य लागत नाही. छत्तीसगड हा धानाचा मुलूख. मुलाच्या तळहातावर साळीचे चार दाणे ठेवावे. नखाने सोलले की तूस निघते, आत तांदूळ दिसतो. सडताना कोंडा पडतो, निवडताना कणी वेगळी होते, आणि शिजला की भात. शेतात उभ्या पिकालाही आपण भातच म्हणतो, हे ऐकून मूल हसेल, आणि मग विसरणार नाही. सोलणे, सडणे, पाखडणे, निवडणे, धुणे, वैरणे ही क्रियापदे स्वयंपाकघरात फुकट पडलेली आहेत. पुढे गोष्टीत ‘म्हातारीने तांदूळ पाखडले’ असे वाक्य आले, की मुलाला सूप दिसेल, तूस उडताना दिसेल. शब्दांच्या याद्या पाठ करून हे घडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोष्ट वाचून दाखविताना प्रत्येक अवघड शब्दापाशी थांबू नये, रस जातो. एक-दोन शब्द निवडावे, आणि तेच दोन दिवस बोलण्यात सहज आणावे. ‘राजाचे नाव काय?’ हा प्रश्न स्मरणशक्तीचा झाला. ‘राणी का रुसली असेल? आता पुढे काय होईल?’ हे विचारावे. मुलाने छत्तीसगढीत उत्तर दिले तरी अडवू नये. त्याला अर्थ लागला, हे त्यातून कळते. मग तेच उत्तर आपण मराठीत, न टोकता, पुन्हा बोलून दाखवावे.

पुस्तके मिळत नाहीत, ही तक्रार मात्र आता फारशी टिकत नाही. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर बालगोष्टी अनेक भारतीय भाषांत विनामूल्य वाचावयास मिळतात. त्यांतली एखादी आज हिंदीत वाचावी, उद्या तीच मराठीत. आणि कोणता शब्द बदलला, कोणता तसाच राहून अर्थाने मात्र बदलला, हे शोधण्याचे काम मुलाकडेच द्यावे.