दाखल्यांची गर्दी अन् ऑपरेटरची मान : सेवा केंद्रातलं टेबल-खुर्ची अशी लावा

अहिल्यानगर : दहावी-बारावीचे निकाल लागले की जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि पाठोपाठ पीक विमा. पाथर्डी असो की अकोले, रांगेतल्या प्रत्येकाला घाई असते. आतला ऑपरेटर मात्र सकाळपासून एकाच जागी वाकून बसलेला असतो. संध्याकाळी मान आखडते, डोळे चुरचुरतात, बोटांना मुंग्या येतात. पुष्कळदा याला टेबल-खुर्चीची चुकीची मांडणी कारणीभूत असते. महागडी खुर्ची न घेताही ती सुधारता येते.

खुर्ची : कीबोर्डवर हात ठेवल्यावर कोपर काटकोनात आणि खांदे सैल हवेत. प्लास्टिकची खुर्ची ठेंगणी पडत असेल तर खाली घट्ट उशी घ्या. मग पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट किंवा विटा ठेवा. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल चालतो.

स्क्रीन : वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी थोडी खाली घ्या, नाहीतर मान सारखी वर करावी लागते. लॅपटॉप जुन्या रजिस्टरांवर उंच ठेवून कीबोर्ड-माउस वेगळा जोडा.

उजेड : गाळ्याचं दार समोर असेल तर उजेड डोळ्यांवर येतो, पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चमकतो. म्हणून दार बाजूला येईल असं टेबल फिरवा.

कागद : आधार कार्ड, सातबारा टेबलावर आडवे ठेवले की मान दिवसभर खाली-वर होते. क्लिपबोर्ड स्क्रीनशेजारी उभा करून कागद त्याला लावा. अंगठ्याचं मशीन ग्राहकाच्या बाजूला सरकवा, म्हणजे दर वेळी हात लांबवावा लागत नाही.

विश्रांती : स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडं 20 सेकंद बघा; दारातून रस्त्यापलीकडचं झाड दिसलं तरी पुरे. प्रिंटर उठावं लागेल इतका लांब ठेवा.

एवढं करूनही बोटं बधिर राहत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवा. ऐन गर्दीत ऑपरेटर अंथरुणाला खिळला, तर पोरांचे दाखलेही अडकतात.