मागे जायचं बटण कुणाचं?

वेबसाइट बनवून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाची एक मागणी हमखास येते : "मॅडम, राइट क्लिक आणि कॉपी बंद करून टाका, लोक फोटो चोरतात." पण फोटो दिसतोय म्हणजे तो बघणाऱ्याच्या फोनवर पोचलेलाच असतो, आणि स्क्रीनशॉट कोण अडवणार? चोराचं काही अडत नाही. दुकानाचा पत्ता कॉपी करून नवऱ्याला पाठवू पाहणारी बाई मात्र वैतागते.

हे उद्योग होतात जावास्क्रिप्ट या पानात चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेमुळे. मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. फॉर्ममध्ये पिनकोडचा एक आकडा राहिला, तर सर्व्हरला न विचारता पानानेच तिथल्या तिथे सांगावं, अशा कामांना ती फार सोयीची. पण पानाला नवी खिडकीही उघडता येऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीस ट्रायपॉड या साइटवर एका मोटार कंपनीची जाहिरात लैंगिक मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली. जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून तिथल्या ईथन झुकरमन यांनी ती स्वतंत्र खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पॉप-अप जाहिरात ती हीच. २०१४ साली त्यांनी 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून चक्क माफी मागितली.

२००४मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २पासून इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझरही पॉप-अप अडवू लागला. वाचकाने क्लिक केलं तरच नवी खिडकी, असा नियम. मग पानं त्या क्लिकवरच टपून बसली : बातमीवर कुठेही बोट लावा, भलतंच दुकान उघडतं.

जाहिरात मी एक वेळ सोसेन, वाचकाच्या हातातलं बटण पळवणं नाही. ईमेल उघडून 'मागे' दाबलं, की सगळं पान नव्याने न येता इनबॉक्स दिसावा, म्हणून पानाला ब्राउझरच्या इतिहासात नोंद करायची मुभा मिळाली. काही महाभाग तिथे खोट्या नोंदी भरतात. तुम्ही 'मागे' दाबत राहता, पान हलत नाही. गिऱ्हाईक निघालं की दुकानदाराने शटर ओढून घ्यावं, तसं. वाचकाने स्पर्शही न करता घातलेल्या अशा नोंदी क्रोम आता ओलांडून जातो.

पासवर्डच्या चौकटीत पेस्ट बंद करणारे तर सुरक्षेचा आव आणतात. खाते क्रमांक दोनदा टाइप करायला लावण्यात निदान अर्थ आहे, चूक सापडते. पण पेस्ट अडवली की पासवर्ड मॅनेजरमधला लांबलचक पासवर्ड हाताने कोण टाइप करणार? माणूस सोपा, आठवणारा पासवर्ड ठेवतो. पेस्ट करू द्या, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७मध्येच जाहीरपणे सांगितलं आहे.